केळीची वाघीण आणि नौदलाचा उपग्रह

रविवारी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, श्रीहरिकोट्याहून नौदलाचा सीएमएस-०३ हा दळणवळण-उपग्रह अवकाशात रवाना झाला, आणि दुसऱ्याच दिवशी जळगावातील एका वाचनालयात वर्तमानपत्र खाली ठेवीत एका सद्गृहस्थांनी विचारले, की कापूस पावसात भिजला आहे, केळीला भाव नाही, अशा दिवसांत ४४१० किलोचे हे यंत्र आकाशात धाडण्याचे प्रयोजन काय? प्रश्न कळवळ्याचा होता, म्हणून मी तेथे वाद घातला नाही. परंतु त्याचे उत्तर केळीतच आहे.

कापलेला घड कोणासाठी थांबत नाही, हे रावेर-सावद्याच्या बागाइतदाराला सांगावे लागत नाही. बाग आपली, पाणी आपले, राबणारे हात आपले. पण दिल्लीकडे जाणारी रेल्वेची वाघीण वेळेवर मिळाली नाही, तर हिरवा म्हणून भरायला आणलेला माल डोळ्यांदेखत पिवळा पडू लागतो, आणि मग ज्याच्या ताब्यात वाहन त्याच्या मर्जीवर वर्षाची कमाई लोंबकळते.

नौदलाच्या पहिल्या उपग्रहाची, म्हणजे ‘रुक्मिणी’ची, २०१३ साली हीच अवस्था होती. तिच्यापूर्वी भर समुद्रातील आपल्या युद्धनौका इन्मारसॅट या परकीय सेवेवर विसंबून होत्या. ती पराधीनता संपविण्यासाठी आपल्या शास्त्रज्ञांनी सुमारे २६५० किलोचा उपग्रह सिद्ध केला, पण तो भूस्थिर कक्षेच्या वाटेवर नेऊन सोडणारे वाहन मात्र आपल्यापाशी नव्हते. त्याहून हलका उपग्रह घेऊन निघालेल्या जीएसएलव्हीचे उड्डाण, दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळू लागल्यामुळे, १९ ऑगस्टला ऐन वेळी तहकूब करावे लागले. आणि अवघ्या अकरा दिवसांनी, ३० ऑगस्टला, रुक्मिणी दक्षिण अमेरिकेतील कुरूच्या तळावरून युरोपच्या एरियान अग्निबाणावर बसून वर गेली. आपल्या आरमाराच्या गुप्त संभाषणाचे साधन समुद्रापार नेऊन परक्यांच्या हवाली करावे लागले, याची बोच मी या सदरात वारंवार बोलून दाखविली आहे. ती सीएमएस-०३च्या उड्डाणाने शमली.

टीकाकार म्हणतील, की २०२४ साली ४७०० किलोचा जीसॅट-२० अमेरिकेतून स्पेसएक्सच्या वाहनावर पाठवावा लागलाच ना? लागला, पण इंटरनेट पुरविणाऱ्या उपग्रहासाठी वाहन भाड्याने घेतले, तर माझी हरकत नाही. युद्धनौका, पाणबुड्या, विमाने आणि किनाऱ्यावरील मुख्यालय यांना जोडणाऱ्या उपग्रहाची गोष्ट निराळी आहे. सीएमएस-०३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ या आपल्या वाहनाची क्षमता चार टनांची म्हणून सांगितली जाते. त्यावर चारशे किलो अधिक लादताना कक्षेचा दूरचा बिंदू तीस हजार किलोमीटरांच्या किंचित आत ठेवून, पुढची छत्तीस हजारांपर्यंतची चढण उपग्रहाच्या स्वतःच्या इंजिनावर सोपविण्याची तजवीज केली गेली. भाडोत्री वाहनाच्या मालकाशी अशी मसलत करता आली असती, असे मला वाटत नाही.

आणि या वाहनात महाराष्ट्राचा हिस्सा केवढा आहे! त्याच्या घन इंधनाच्या मोटारींची कवचे वालचंदनगरला बनतात, विकास इंजिने विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडतात, आणि त्या इंजिनांना लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड रसायनीचे. या यादीत खान्देश कोठे आहे, हा माझा जुना प्रश्न आहे. भुसावळचा आयुधनिर्माणी कारखाना १९४९ पासून आणि वरणगावचा १९६४ पासून चालू आहे. पिनाक अग्निबाणांचे पॉड भुसावळात तयार होतात. ज्या जळगाव जिल्ह्याला पोलाद आणि दारूगोळा हाताळण्याची पाऊणशे वर्षांची सवय आहे, त्याच्या, आणि शेजारच्या धुळ्याच्याही, औद्योगिक वसाहतींत अवकाश खात्याचे मक्ते येऊ नयेत, असे कोणते कौशल्य येथे कमी आहे, ते सरकारने सांगावे.

भूदलासाठीच्या अशाच उपग्रहाला मार्च २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. त्याच्या उड्डाणाची तारीख आता मुक्रर व्हावी, तळ श्रीहरिकोट्याचाच असावा, आणि त्याच्या सुट्या भागांच्या निविदा निघतील तेव्हा जळगाव-धुळ्याच्या कारखानदारांना त्यांची खबर वेळेत पोहोचावी.