पर्यावरणाची वही कुणी लिहायची?

अकरावी-बारावीचा ‘पर्यावरण’ हा विषय बऱ्याच घरांत आईच्याच वाट्याला येतो. मुलगी क्लासला, डोक्यावर सीईटी नाहीतर नीट. मग प्रकल्पाची वही आई लिहिते, चित्रं मावशी चिकटवते. तेवढाही वेळ नसेल तर तयार प्रकल्प दुकानात मिळतो. ‘अगं, पर्यावरणात कोण नापास होतंय?’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

मैत्रिणींनो, मला हे पटत नाही. हा विषय कुणा मंत्र्याची हौस म्हणून आलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण सक्तीने शिकवायला सांगितलं आणि कुणी मनावर घेईना म्हणून २००३ मध्ये पुन्हा बजावलं. आपल्याकडे बारावीला त्याचे ५० गुण एकूण ६५० मध्ये धरले जायचे. पुढे विषयाचं नाव ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ झालं, गुण जाऊन श्रेणी आली आणि उरलंसुरलं लक्षही गेलं!

नाशिकच्या मुलीने तरी हा विषय पुस्तकातून उतरवून काढू नये. गोदावरी गंगापूर धरणाखाली कशी दिसते आणि शहरातून जाऊन तपोवनापुढे कशी होते, हे एका रविवारी बघून होतं. एक पांढरी ताटली घ्यायची, खाली दगड बांधायचा आणि दोरीने पाण्यात सोडायची. ताटली पाण्याला टेकली की दोरीला एक गाठ, दिसेनाशी झाली की दुसरी. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे पाण्याचा नितळपणा. दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की प्रकल्पाला सुरुवात झाली.

मग प्रश्न आपोआप पडतात. पाणवेली इथेच का माजल्या? सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे त्यांचं खत. त्या पाणी झाकतात, ऊन आत जात नाही. कुजल्या की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. हेच पाणी पुढे निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरला जातं. तिथे हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा! आपल्या मोरीतलं पाणी कुठवर पोचतं, ते मुलीला एकदा कळू दे.

२०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय निघाला आणि नाशिककर विरोधात उभे राहिले. अशा वेळी कुठली झाडं, किती जुनी, त्यांवर कोणते पक्षी, हे मोजून सांगणारी मुलं हवीत. नुसत्या घोषणा कुणीही देतं.

‘पण नीटचं काय?’ अहो, नीटच्या जीवशास्त्रात परिसंस्था आहे, बीओडीही आहे. जिने नदीवर नाक धरलंय, तिला बीओडी पाठ करावा लागत नाही. आणि बारावीनंतर वाट बदललीच, तर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, शेतीत, वनखात्यात हेच ज्ञान कामाला येतं.

तिची वही जाडजूड होणार नाही, अक्षर वाकडं येईल, एखादा आकडा खोडलेला असेल. तशीच देऊ द्या. तुम्ही फक्त घाटावर सोबत जा, पाय घसरण्यासारख्या पायऱ्यांवर तिला एकटीला पाठवू नका. आणि ताटली जुनी न्या, परत येईलच असं नाही!