बारशाच्या बातम्या आणि सुतकाचे मौन

संगणक आणि स्मार्टफोन यांच्या बातम्या नेमाने वाचणारा माणूस साहित्याच्या वर्तुळात थोडा हास्यास्पदच ठरतो. क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असणाऱ्याचे येथे कौतुक होते. जुन्या चित्रपटगीतांचा संगीतकार, साल आणि राग सांगणाऱ्याला तर रसिक म्हणतात. पण विंडोजची कोणती आवृत्ती कधी आली आणि तिचा आधार कधी संपला हे सांगणारा मात्र 'गॅजेटवेडा'. या तुच्छतेच्या मुळाशी दोन समजुती आहेत. एक अशी की, हा सारा चंगळवादाचा व्यवहार आहे आणि त्याकडे पाठ फिरवणेच साहित्याला शोभते. दुसरी अशी की, ही तंत्रज्ञांची बाब आहे; आपले काम संहितेशी. प्रस्तुत लेखक सुमारे तीस वर्षे या बातम्या वाचत आला आहे. त्या वाचनाच्या आधारे त्याचे म्हणणे असे की, पहिली समजूत अर्धवट आहे आणि दुसरी घातक आहे. ज्या संहितेशी आपले काम आहे असे आपण म्हणतो, त्या संहितेचे आयुष्य याच बातम्यांत ठरत असते.

पहिल्या समजुतीला तिचे श्रेय आधी देऊन टाकू. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर ही बातमी बव्हंशी निकृष्ट असते. तिचा आवडता काळ भविष्यकाळ आणि तिचे आवडते विशेषण 'सर्वांत' या शब्दाने सुरू होणारे. सर्वांत पातळ, सर्वांत वेगवान, सर्वांत तेजस्वी. यंत्र बाजारात येण्याआधी त्याच्या अफवा, मग अनावरणाचा सोहळा, मग आठवडाभराच्या वापरावर लिहिलेली 'समीक्षा', आणि ती शिळी होण्याआधीच पुढच्या यंत्राच्या अफवा. समीक्षा हा शब्द आपल्या व्यवहारातून उचलून तेथे इतक्या सवंगपणे वापरला जातो याचे साहित्याच्या अध्यापकांना वाईट वाटायला हवे होते. मराठी वृत्तपत्रांतील तंत्रज्ञानाचे रकाने तर पुष्कळदा कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकाचे भाषांतर असतात, आणि तेही असे की मूळ इंग्रजी वाक्य आतून डोकावत राहते.

या बातमीला स्मरणशक्तीही नसते. १९९६ च्या सुमारास ऑरेकलच्या लॅरी एलिसन यांनी 'नेटवर्क काँप्युटर'चा डंका पिटला होता: घरच्या यंत्रात फारसे काही नको, सारे जाळ्यावरून येईल. ते यंत्र चालले नाही. २०११ मध्ये तीच कल्पना क्रोमबुकच्या रूपाने पुन्हा अवतरली. १९९७ मध्ये 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' आले आणि आता बोला म्हणजे उमटेल असे आश्वासन मिळाले. ते आश्वासन तेव्हापासून दर काही वर्षांनी नव्या नावाने दिले जाते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस' संगणकांची घोषणा केली तेव्हा सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा भाग ही त्यांची किमान अट ठरली. एवढ्या क्रिया कशासाठी, हा प्रश्न मात्र आकड्याच्या दिपवण्यात हरवला.

येथवर चंगळवादाचा आक्षेप मान्य. पण म्हणून पाठ फिरवायची? निकृष्ट कादंबऱ्या पुष्कळ निघतात म्हणून कादंबरीची समीक्षा कोणी थांबवली नाही. उलट ज्या प्रकारात निकृष्टाचा पूर असतो तेथे जाणत्या वाचकाची गरज अधिक असते. आणि या क्षेत्रातला जाणता वाचक म्हणजे तोच तो हसण्यावारी नेलेला हौशी माणूस. ॲपलने जुन्या बॅटऱ्यांच्या आयफोनांचा वेग आपण कमी करतो याची कबुली डिसेंबर २०१७ मध्ये दिली. ती कोणत्याही सोहळ्यात दिलेली नव्हती. वापरणाऱ्यांनी स्वतः मोजमापे घेऊन ती जाहीर केल्यावर कंपनीला बोलावे लागले, आणि पुढे २०२० मध्ये फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. चर्चासत्रात 'भांडवली व्यवस्था' हा शब्द दहा वेळा उच्चारणाऱ्यांपेक्षा त्या मोजणाऱ्यांनी भांडवली व्यवस्थेची अधिक नेमकी समीक्षा केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तरीही या बातमीचा सर्वांत मोठा दोष हौशी वाचकांच्याही फारसा ध्यानात येत नाही. ती फक्त बारशांची बातमी असते. काय जन्मले ते ठळक मथळ्यात. काय मेले ते कोपऱ्यात, आणि पुष्कळदा तेही नाही. येथेच साहित्याच्या माणसाचा संबंध सुरू होतो, कारण मराठी संहितेचे सुतक त्या कोपऱ्यातल्या बातम्यांतून आलेले आहे.

थोडे तपशिलात जाऊ. नव्वदच्या दशकात मराठी पुस्तके खिळ्यांवरून संगणकावर आली. ज्या फॉन्टांनी ती आणली त्यांची युक्ती साधी होती. संगणकाला इंग्रजी अक्षरांची घरे ठाऊक होती. त्याच घरांत मराठी अक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा आणि वेलांट्या नेऊन बसवल्या. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते एखादे इंग्रजी अक्षरच असे. शिवाय प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी निराळी. परिणामी तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर सारी कादंबरी निरर्थक चिन्हांचा ढिगारा होते. देवनागरीसाठी सामाईक संकेत नव्हते असे नाही. 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. पण आपले प्रकाशक आणि डीटीपी केंद्रे त्यानंतरही कैक वर्षे जुन्या फॉन्टांवर आणि पेजमेकरवर काम करीत राहिली. त्या पेजमेकरला युनिकोड समजत नव्हते.

आता मृत्यूंची यादी पाहा. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. २००४ मध्ये ॲडोबीने त्याचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर केले. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. 'टाइप १' जातीच्या फॉन्टांचा आधार ॲडोबीने जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला, आणि मुद्रणासाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले कितीतरी फॉन्ट याच जातीचे होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे कागदोपत्री मृत झाली. यांतली प्रत्येक घटना आधी जाहीर झालेली होती. तारखांसह. ती वाचणारे साहित्याच्या विभागांत किती होते? आणि ज्यांनी वाचली त्यांपैकी कितीजणांच्या मनात आले की आपल्या विभागाच्या नियतकालिकाचे वीस वर्षांचे अंक, आपल्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध, आपल्या मित्राच्या कवितासंग्रहाची मूळ फाइल, हे सारे त्या जुन्या यंत्राबरोबरच जाणार आहे?

यावर ठरलेले उत्तर असे: छापील प्रत ग्रंथालयात आहे, मग बिघडले काय? बिघडते ते पुनर्मुद्रणाच्या वेळी. फाइल उघडत नाही, म्हणून पुस्तक नव्याने टंकित होते. नव्या टंकनात नव्या चुका येतात, आणि लेखक हयात नसेल तर त्या चुका पुढच्या आवृत्तीत प्रमाण होऊन बसतात. फाइल उघडली आणि आज्ञावलीने युनिकोडमध्ये रूपांतरित केली तरी धोका टळत नाही. जुन्या फॉन्टात 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर साठवला जाई, कारण डोळ्यांना तसा क्रम दिसतो. युनिकोडमध्ये 'क' आधी येतो. 'सूर्य'मधला रफार तेथे 'य'च्या नंतर, येथे आधी. रूपांतराची आज्ञावली या उलटापालटीत जेथे चुकते तेथे शब्द फुटतो, क्वचित निराळाच शब्द तयार होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शुद्धीकरण केले, याचे माहात्म्य आपण दरवर्षी वर्गात सांगतो. पण आपल्याच काळातील संहितांत आपल्या डोळ्यांदेखत पाठभेद तयार होत आहेत आणि आपण त्याला 'तांत्रिक अडचण' म्हणतो. हस्तलिखिताला वाळवी लागली तर तो सांस्कृतिक ऱ्हास, आणि फाइल मेली तर ती संगणक दुरुस्त करणाऱ्याची बाब! हा भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे?

दुसरा आक्षेप सौम्य दिसतो: हे तज्ज्ञांवर सोपवावे. पण तज्ज्ञाला मराठी यावी लागते. 'ॲ' हे अक्षर घ्या. मराठीत ते रोज लागते, तरी स्वतंत्र अक्षर म्हणून त्याला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून लोक काम भागवीत, आणि आजही दोन्ही पद्धती चालू असल्यामुळे डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द शोधताना सापडत नाही. 'दऱ्या'मधला 'ऱ्य' घ्या. युनिकोडमध्ये तो द्राविडी भाषांतील एका वर्णाच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या 'ऱ' या अक्षरापासून सिद्ध करावा लागतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' यांना तर स्वतंत्र जागाच नाही. फॉन्ट करणाऱ्याने जाणीवपूर्वक सोय केली तर ते दिसतात, एरवी पडद्यावर हिंदी वळण येते. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला; पण तो प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिसावा यासाठी फोन कोणता फॉन्ट घेऊन येतो, हे बघायला नको का? अँड्रॉइडचे पहिले फोन २००८ मध्ये आले. त्यावर देवनागरी नीट दिसण्याची सोय चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ च्या अखेरीपासून आली. मधल्या काळात मराठी वाचकाच्या वाट्याला रिकामे चौकोन आले. त्या तीन वर्षांतल्या फोनांच्या समीक्षा काढून पाहा: कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजलेले सापडतील, चौकोनांचा उल्लेख क्वचितच. मराठी वाचणारा कोणी तो प्रश्न विचारायला बसलेलाच नव्हता.

आणि हे सारे साहित्याबाहेरचे आहे असे म्हणताना आपण आपलाच इतिहास विसरतो. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले, जावजी दादाजींनी निर्णयसागराचे खिळे पाडले, सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ करताना मुद्रणाच्या सोयीचा युक्तिवाद केला. 'अ'च्या बाराखडीवर किती शाई खर्ची पडली! ती शाई साहित्यिकांचीच होती. अ. का. प्रियोळकर हे मराठी संहितांचे संशोधक, आणि त्यांनीच १९५८ मध्ये भारतातील मुद्रणकलेचा इतिहास इंग्रजीत लिहिला. पाठचिकित्सा करणाऱ्याला छापखान्याचा इतिहास परका वाटला नाही. विंडोजबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी सुलेखनकार आणि अक्षररचनाकार तर होतेच, शिवाय मराठीतले कवी होते. अक्षराच्या तंत्राशी कवीचे इतके जवळचे नाते या भाषेत अगदी अलीकडेपर्यंत होते. २००८ मध्ये ते गेले. त्यांनी उघडलेल्या दारातून साहित्याचे किती विद्यार्थी आत गेले?

तेव्हा मागणी अशी आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने या बातम्या वाचाव्यात, आणि कादंबरी वाचताना जो संशय तो जागा ठेवतो तोच येथेही जागा ठेवावा. अनावरणाच्या प्रत्येक बातमीला त्याने तीन प्रश्न विचारावेत: हे आले म्हणून काय बंद पडणार? यावर माझी भाषा कशी उमटते? आणि मी आज यात लिहिलेले वीस वर्षांनी दुसऱ्या कोणत्या यंत्रावर उघडेल? विभागांनी आपल्याकडच्या जुन्या फाइली, त्यांचे फॉन्ट आणि ती उघडणारे एखादे चालू यंत्र यांची नोंदवही करावी. रूपांतर करून घ्यावे आणि रूपांतरित पाठ छापील प्रतीशी ताडून पाहावा. पाठचिकित्सेच्या प्रात्यक्षिकाला याहून चांगला विषय कोणता मिळणार? प्रबंध स्वीकारताना तो कोणत्या फॉन्टात आहे हे विचारायला पैसे पडत नाहीत. लेखकांनी प्रकाशकाकडून छापील प्रतींबरोबर युनिकोडमधील अंतिम पाठही हक्काने मागावा.

गॅजेटवेड्यांना एवढेच सांगणे की, नव्याची हौस असू द्यावी, पण गेल्याची नोंदही ठेवावी. ती ठेवण्याजोगी स्मृती त्यांच्याचपाशी आहे. आणि साहित्याच्या अध्यापकांना विचारणे एवढेच की, प्रियोळकरांनी छापखान्याचा इतिहास लिहिला तेव्हा त्यांना शिळाछापाची पुस्तके निदान हातात घेऊन पाहता येत होती. आपल्या काळाचा इतिहास लिहायला उद्या कोणी बसला, तर त्याच्या हातात आपण काय ठेवणार आहोत? उघडत नसलेली फाइल की निरर्थक चिन्हांचा ढिगारा?