घोंगडीची विद्या आणि दोन दिवसांचा वर्ग

हल्लीं पुण्यामुंबईकडे एक नवी हौस उत्पन्न झाली आहे, आणि ती आम्हांस बरी वाटते. सुशिक्षित घरांतील स्त्रीपुरुष सुटीचे दोन दिवस काढून व फी भरून टकळीवर सूत काढावयास, लांकडी चौकटीवर विणावयास, पानाफुलांच्या रंगांत धागा बुडवावयास शिकतात. या वर्गांस कार्यशाळा असें नांव आहे. जीं माणसें कालपर्यंत कापड म्हणजे दुकानाच्या फळीवरची वस्तु एवढेंच जाणत होतीं, तीं आतां वीतभर पट्टी विणण्यास किती वेळ लागतो हें आपल्या बोटांनीं शिकत आहेत. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु शहरांतील माणूस जी विद्या शिकण्यासाठीं पैसे मोजतो, तीच विद्या अंगीं असलेली माळशिरस तालुक्यांतील म्हातारी आपला चरखा माळ्यावर टाकून देते, आणि ती विद्या मागावयास तिच्या दाराशीं कोणी जात नाहीं. या दोन गोष्टी आमच्या वाचकांनीं एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्या.

माळशिरस म्हटलें कीं आज ऊंस डोळ्यांपुढें येतो. नीरा उजव्या कालव्याचें पाणी आलें, १९३२ सालीं सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं माळीनगरास साखरेचा कारखाना उभा केला, पुढें शंकरराव मोहिते पाटील यांच्या पुढाकारानें अकलूजचा सहकारी कारखाना झाला, आणि तालुक्याचें रूप पालटलें. तें इष्टच झालें. परंतु पिलीव, गारवाड या बाजूस गेलें तर जुना माणदेशी मुलूख अजून दिसतो: उघडा माळ, कुसळी गवत, बाभळी, आणि त्यांत चरणारीं मेंढरें. ही दख्खनी मेंढी. तिची लोंकर काळी-करडी, आंखूड आणि राठ. काश्मिरी शाल तिची होणार नाहीं. पण भुरभुर पावसांत डोक्यावरून खोळ घेऊन दिवसभर माळावर उभा राहणाऱ्या धनगरास शाल उपयोगाचीहि नाहीं. त्याच्या कामाचें वस्त्र घोंगडी. तीच त्याचें अंथरूण, तीच पांघरूण, आणि देवकार्यांत तीच आसन. ती कांतण्याविणण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या सणगर व खुटेकर धनगर यांच्या घरांत राहिली, आणि शेजारचें म्हसवड व पंढरपूर हे तिचे जुने बाजार.

घोंगडी कशी होते हें पुष्कळ शहरवासी वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. मेंढ्या वर्षांतून दोनदां कातरतात. कातरलेल्या लोंकरीतील काटे व कुसळें निवडून ती धनुकलीनें पिंजतात, तिचे पेळू करतात, आणि पेळूंचें सूत चरख्यावर काढतात. कोंकराच्या पहिल्या कातरणीची लोंकर मऊ असते. तिला जावळ म्हणतात, आणि तिच्या घोंगडीस मान व मोल दोन्ही अधिक. सूत झालें कीं ताणा ताणून त्यास चिंचोक्यांची खळ देतात व ती कुंच्यानें धाग्याधाग्यांत बसवितात. मग माग. हा बहुधा जमिनींतील खड्ड्याचा. विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसतो आणि धोटा हातानें या कडेहून त्या कडेस टाकतो.

या सर्व कामांत कागदावर लिहून देण्याजोगें फार थोडें आहे. राठ व आंखूड लोंकरीस पीळ कमी पडला तर सूत सुटतें, अधिक पडला तर तें आपल्याभोंवतीं आपणच वळून गांठी मारतें. उजवा हात चरखा फिरवीत असतां डाव्या हातानें पेळू किती सोडावयाचा, हें त्या डाव्या हाताच्या बोटांसच समजतें. खळ पातळ पडली तर धाग्याचे केंस उभे राहून तो फणींत अडकतो. दाट पडली तर धागा ताठून मोडतो. आणि पातळ कोणती व दाट कोणती, याचा निकाल त्या दिवशींच्या हवेवर. पावसाळ्याअखेरची लोंकर आणि उन्हाळ्याच्या तोंडची लोंकर हातास सारखी लागत नाहीं. म्हणून ज्याला शिकावयाचें त्यानें दोन्ही कातरण्या पाहिल्या पाहिजेत. शिकविणाऱ्यानेंहि शिष्याच्या हातावर हात ठेवून 'सोड, आतां सोड' असें शंभर वेळां म्हटलें पाहिजे. दोन दिवसांच्या वर्गांत शिष्यास पिंजलेला पेळू तयार मिळतो आणि ताणाहि तयार मिळतो. विद्येचा जो कठीण भाग तो आधींच दुसऱ्या कोणीं उरकलेला असतो. हौसेस तेवढें पुरेसें आहे, परंतु त्यानें धंदा जगत नाहीं.

या बाबतींत गांधीजींच्या आत्मचरित्रांतील एक हकीगत आम्हांस फार उद्बोधक वाटते. १९१५ सालीं आश्रम स्थापन झाल्यावर तेथें हातमाग आणले गेले, परंतु विणणें कोणासच येत नव्हतें. बऱ्याच खटपटीनें पालनपूरहून एक शिक्षक मिळाला. त्यानें आपली सगळी कला दिली नाहीं. मगनलाल गांधी यांस यंत्रकामाची उपजत समज असल्यामुळें त्यांनीं ती पुरी हस्तगत केली आणि मग एकामागून एक विणकर आश्रमांत तयार झाले. पुढें चरख्याचा शोध लागला तेव्हां पेळूंसाठीं पिंजारी हवा होता. गंगाबेन यांस जो पिंजारी मिळाला, त्यानें महिना पस्तीस रुपयांची मागणी केली; त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती, तरी गांधीजींस ती जड वाटली नाहीं. पालनपूरच्या विणकरास अप्पलपोटा म्हणणें सोपें आहे. आम्ही तसें म्हणणार नाहीं. ज्याचें पोट एका विद्येवर आहे, त्यानें ती परक्यास दिली तर उद्यां तोच परका आपल्याच बाजारांत आपणांशीं चढाओढ करील, ही भीति कारागिराच्या मनांत असणें स्वाभाविक आहे. विद्या देणें हा विद्या वापरण्याइतकाच किफायतीचा व्यवसाय करून दिला, तरच ती भीति जाईल.

माळशिरसकडे आज परिस्थिति याहून वाईट आहे. कारण विद्या लपवून ठेवण्याजोगें मोलच तिला उरलेलें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं कातरणावळच लोंकरीच्या किंमतीहून जड होते, आणि मेंढपाळ ती लोंकर बांधावर टाकून देतो. त्याचें उत्पन्न आतां मटणावर व शेतांत मेंढरें बसविण्याच्या मोबदल्यावर. शास्त्रज्ञांचें लक्षहि तिकडेच लागलें. शेजारच्या फलटणास निंबकर कृषि संशोधन संस्थेनें दख्खनी मेंढीपासून जुळीं कोंकरें देणारी 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. काम मोठें मोलाचें आहे आणि मेंढपाळाच्या पदरांत त्यानें चार पैसे पडतात. परंतु लोंकरीची बाजू घेऊन इतक्या चिकाटीनें झटणारा कोणी निघाला नाहीं. दुसरीकडून पानिपतचा माल आला. जुन्या लोंकरी चिंध्यांचें पुन्हां सूत करून किंवा कृत्रिम धागा वापरून तेथें ब्लँकेटें होतात; तीं स्वस्त असतात, आणि गरिबास थंडींत तीं घेतल्याबद्दल आम्ही दोष देणार नाहीं. दोष आहे तो तसला माल घोंगडी म्हणून विकणाऱ्याचा.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तींत अठरा धंदे आहेत, पांच ते सात दिवसांचें प्राथमिक शिक्षण आहे, शिकणाऱ्यास दिवसास पांचशें रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठीं पंधरा हजार रुपये आहेत. त्या अठरांत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट, माळी, मासळीचें जाळें विणणारा, इतके सर्व आहेत. हातमागावर वस्त्र विणणारा मात्र नाहीं. तो वस्त्रोद्योग खात्याकडचा, त्याच्यासाठीं २०१७ ची 'समर्थ' योजना व इतर योजना वेगळ्या, असें उत्तर मिळेल. उत्तर नियमास धरून आहे. पण पिलीवच्या माळावरील म्हातारीस आपण कोणत्या खात्याच्या आहोंत हें कोणीं सांगावें? शिवाय या सर्व योजनांत जो पैसा आहे तो मुख्यतः शिकणाऱ्याच्या पदरीं पडतो. शिकविणारा जर निरक्षर, सत्तरीचा, आणि बोटांचे ठसे चरख्यावर झिजलेला असेल, तर हजेरीच्या यंत्रासहि तो ओळखूं येत नाहीं!

हातमागावर पोट असलेल्यांची स्थिति कशी आहे हें २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनें दाखविलें आहे. देशांत विणकर व त्यांचे सहकारी मिळून पस्तीस लाखांवर माणसें, त्यांत शेंकडा ७२ च्या सुमारास स्त्रिया, आणि सुमारें दोनतृतीयांश कुटुंबांचें मासिक उत्पन्न पांच हजार रुपयांच्या आंत. घरची मिळकत इतकी असतां आईनें मुलीस 'चरख्यावर बैस' म्हणावें अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी?

एक जुना प्रयोगहि येथें आठवतो. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा कणा करावा असें ठरलें. टकळी शाळेंत गेली. परंतु पुढें बहुतेक शाळांत टकळी शिकविण्याचें काम ज्याच्याकडे आलें तो गणित-भूगोलाचा मास्तर होता, कातणारा नव्हता. त्यामुळें सूतकताई वेळापत्रकांतील एक तास होऊन बसली, आणि तो तास गेल्याचें दुःख कोणास झालें नाहीं. मूळ विचार चुकीचा नव्हता. ज्याच्या हातीं विद्या आहे तोच गुरु, ही साधी गोष्ट अमलांत आली नाहीं.

याच्या उलट उदाहरण कच्छचें. तेथें २००५ सालीं कारागिरांसाठीं कला रक्षा विद्यालय निघालें. वर्षांत दोन-दोन आठवड्यांचे सहा वर्ग, आणि मधल्या काळांत शिष्यानें आपल्या घरीं, आपल्या मागावर सराव करावयाचा, अशी त्याची रचना होती. कारागिराचा धंदा न बुडवितां शिक्षण कसें द्यावें याचा हा नमुना आम्हांस माळशिरसास लागू पडण्यासारखा दिसतो. पुष्कळ मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरें घेऊन बाहेर पडतात व मृगाच्या सुमारास परततात. तेव्हां वर्गांचे दिवस आषाढापासून आश्विनापर्यंत धरावे. एका गुरूजवळ आठांहून अधिक शिष्य नसावे. गुरूस दिवसाचें वेतन माध्यमिक शाळेच्या शिक्षकाइतकें असावें, आणि त्यासाठीं त्याच्याजवळ प्रमाणपत्र मागूं नये. त्याची घोंगडी पाहावी.

येथें एक अप्रिय गोष्ट बोलणें प्राप्त आहे. ही विद्या जातीच्या कुंपणांत वाढली, आणि घरांतहि तिची वांटणी झाली: निवडणें व कातणें बायकांचें, माग पुरुषाचा. घोंगडीच्या अर्ध्याहून अधिक श्रम जिच्या हातचे, तिला मागावर बसण्याचा अधिकार नाहीं आणि विकून आलेल्या पैशावरहि बहुधा नाहीं. नव्या वर्गांत ही वांटणी राहतां कामा नये. मुलीस माग शिकवावा, मुलास चरखा शिकवावा, आणि मराठा, माळी, महार, मुसलमान कोणीहि आला तरी त्यास बसावयास तीच सतरंजी द्यावी. कांहीं वृद्ध म्हणतील कीं अशानें आमच्या जातीचा धंदा गेला. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं तुमचीच मुलें दुकानांत, कारखान्यांत, फौजेंत गेलीं आहेत, आणि तीं सुखी आहेत; त्यांस परत बोलावण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. मग जो खुशीनें येईल त्यास तरी नाहीं म्हणूं नका. मात्र गुरूचें नांव शिष्याच्या मालावर राहावें व पहिल्या विक्रींतून त्यास ठरलेला हिस्सा मिळावा, ही अट आम्ही घालूं.

शिकलेल्यांचा माल खपला नाहीं तर सगळा खटाटोप व्यर्थ, म्हणून आतां व्यापारी बंधूंस दोन शब्द. अकलूज, नातेपुते, माळशिरस येथील पेढ्यांस गिऱ्हाईक शोधीत लांब जावयास नको. श्रीज्ञानेश्वरांची पालखी दरवर्षीं नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मुक्कामांवरून जाते. लक्षावधि माणसें पावसाच्या दिवसांत आपल्या दारावरून चालत जातात. त्यांच्या खांद्यावर आज प्लॅस्टिकचा कागद दिसतो. कागदाच्या भावांत घोंगडी देतां येणार नाहीं हें आम्ही जाणतों, पण शंभरांतील एकानें घेतली तरी तालुक्यांतील माग पुरे पडणार नाहींत. अट एवढीच कीं माल खरा असावा. मालाच्या कडेचे दोन धागे काढून जाळून पाहावे: लोंकर केंस जळल्यासारखी वास मारते व तिची राख चुरडते; कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. ही परीक्षा प्रत्येक दुकानदारास ठाऊक आहे, ती त्यानें गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर हॅरिस ट्वीड नांवाचें लोंकरीचें कापड होतें. बेटवासीयांनीं आपल्या घरीं हातानें विणलेल्या कापडासच तें नांव लावतां यावें असा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटानें १९९३ सालीं केला. आपल्याकडे सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन आहेच. घोंगडीच्या नांवाचें रक्षण व्हावें म्हणून अर्ज करण्यास पुढें येण्याचें काम व्यापारी मंडळींचें आहे, कारण खोट्या मालानें शेवटीं पेठेचीच पत जाते.

शहरांतील कार्यशाळावाल्यांसहि या कामांत जागा आहे. त्यांनीं माळशिरसच्या गुरूस पुण्यास नेऊन दोन दिवस मंचावर बसविण्याऐवजीं आपले शिष्य पंधरा दिवस येथें पाठवावे, फी गुरूच्या हातांत द्यावी, आणि शिष्यांनीं पहिले तीन दिवस कुसळें निवडावीं.

परंतु सर्वांआधीं हें ठाऊक झालें पाहिजे कीं तालुक्यांत आज चरखा चालविणारे व माग जाणणारे हात किती उरले आहेत. पंचायत समितीनें प्रत्येक गांवच्या शाळेकडून अशा माणसांची यादी मागवावी: नांव, वय, काय येतें, शिकविण्याची इच्छा आहे काय, आणि घरीं चरखा शाबूत आहे काय. येत्या आषाढीच्या आधीं ही यादी पुरी करावी. म्हणजे पालखी पंढरीस गेली कीं पहिला वर्ग बसवितां येईल.