चौफुल्याचं वळण

आमच्या शेजारच्या आजी ३० सप्टेंबरच्या रात्री अजूनही अंगणातच अंथरूण टाकतात. १९९३ च्या भूकंपाच्या वेळी त्या सास्तूरला होत्या. ते गाव तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. गणपती बोळवून माणसं नुकती आडवी झालेली, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मातीत रचलेल्या दगडी भिंती माळवदाच्या ओझ्यासकट खाली आल्या. ढिगाऱ्यातून आजींनी जात्याचा खालचा दगड तेवढा आणला. वरचा सापडलाच नाही. त्या दगडावर त्यांची पाण्याची घागर असते.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एका भावाने मला विचारलं, "आशा धरायची ती कशाची?" त्याची कापून ठेवलेली सोयाबीनची गंजी पावसात भिजली होती, शेंगांना कोंब फुटले होते. मी "धीर धरा" म्हणालो आणि घरी आलो. ते शब्द आठवडाभर मला टोचत राहिले.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्यात संकट आधी येतं, मग धीर, मग कसाला लागलेलं शील, आणि आशा सगळ्यांत शेवटी. आपण मात्र घरात अजून रडणं चालू असतं तोवरच माणसाकडे आशा मागतो.

आपल्या उमरग्यावरून जाणारा महामार्ग सोलापूरमार्गे पुण्याकडे जातो. त्या रस्त्याला चौफुल्यावरून आत वळलं की केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि बहीण गेली; पुढे भाऊ, आणि १८८२ मध्ये नवरा. तेव्हा त्यांची चोविशीही उलटली नव्हती. पदरात तान्ही मनोरमा. पुढल्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुःख थांबलं असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. मात्र १८९६ च्या दुष्काळात, ज्या भुकेने आपलं घर खाल्लं तिच्याच वाटेवर ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आली. ख्रिस्ती आशा म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच दाखवीन.

खेड्यातल्या बाईलाही वाचता यावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. पंधराहून अधिक वर्षं त्या कामात गेली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला तो १९२४ साली. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली होत्या.

त्या भावाला मी काल निरोप धाडलाय. येत्या रविवारी उपासना संपली की आम्ही चौघं त्याच्या रानात जाणार आहोत, गंजी उलगडून हाती लागेल तेवढं वाळत घालायला. आजींनी भाकरी बांधून द्यायचं कबूल केलंय.