आधी गिऱ्हाईक, मग यंत्र

इंजिनिअरिंगच्या मुलांना मी ‘उद्योजकता’ शिकवतो असे कळले की लोक हमखास विचारतात, “अहो, धंदा काय फळ्यावर शिकवता येतो?” प्रश्न खोचक खरा, पण रास्त आहे. धाडस शिकवता येत नाही. हिशेब मात्र शिकवता येतो आणि मुलांना गिऱ्हाइकाच्या दारात उभे करता येते.

पहिल्या तासाला मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर काढतो. नांगर उत्तम, पण शेतकरी त्याला हात लावीना! लोखंडाने जमीन नासेल, ही भीती. “तुम्ही त्याला काय सांगितले असते?” असे विचारताच मुले नांगराचे गुण गाऊ लागतात. त्या शेतकऱ्यालाच आधी चार गोष्टी विचाराव्यात, हे एकालाही सुचत नाही.

म्हणून आमचा गृहपाठ ठरलेला: दहा गिऱ्हाइके भेटल्याखेरीज यंत्राचे चित्र काढायचे नाही. एका चौकडीने हळद काढण्याचे यंत्र योजले होते. शेतकरी म्हणाला, “दोन महिन्यांचे काम. बाकीचे दहा महिने हे गोठ्यात बांधू? गाय निदान शेण तरी देते!”

पोरे हिरमुसली, पण कागद घेऊन बसली. यंत्र विकण्याऐवजी एकरी भाड्याने द्यायचे ठरले. मग ते या शेतातून त्या शेतात न्यायचे, म्हणून वजन उतरले; बांधावरच दुरुस्त व्हावे, म्हणून सारे बोल्ट एका पान्याने निघतील असे केले. त्या शेतकऱ्याने यंत्रशास्त्राचाच धडा दिला म्हणायचा!

त्यांतलाच एकजण पुढे हळूच म्हणाला, “सर, नोकरीचे पत्र आले आहे. वडिलांनी माझ्या फीसाठी जमीन गहाण टाकली आहे. काय करू?”

अशा वेळी स्वावलंबनावरची व्याख्याने कामाला येत नाहीत. मी म्हटले, “नोकरी घे. आधी जमीन सोडव. यंत्राची वही मात्र टाकू नकोस; रविवार तुझाच आहे.” कुणी याला भित्रेपणा म्हणेल. म्हणो बापडे. दुसऱ्याच्या जमिनीवर शूर होणे सोपे असते.

शिवाय लक्ष्मणरावांनी तरी काय केले? मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरकी करता करताच ते बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे, विक्रीसाठी सायकली धाडू लागले होते. किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९१० साली.