मंडळीचा पाळक कोणाला उत्तर देतो?

रविवारची उपासना संपते आणि अर्पणाच्या थैल्या आत नेल्या जातात. ते पैसे मोजायला कोण बसते, हे सभासद सहसा विचारत नाहीत. काही मंडळ्यांत खजिनदारासोबत आणखी दोघे-तिघे बसतात, आकडा वहीत लिहितात आणि खाली सह्या करतात. काही ठिकाणी थैली सरळ पाळकाच्या घरी जाते. दोन्हीकडचा पाळक प्रामाणिक असू शकतो. तरीही बायबल या दोन रीतींना सारखे मानत नाही. असे का, हे समजायला आधी ‘पाळक’ या शब्दाचा अर्थ पाहावा लागतो.

नव्या करारात मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी मूळ ग्रीक भाषेत तीन शब्द येतात. ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वडील. ‘एपिस्कोपोस’ म्हणजे देखरेख करणारा. मराठी बायबलमध्ये त्याला अध्यक्ष म्हटले आहे आणि बिशप हा शब्दही या ग्रीक शब्दातूनच आला. ‘पोइमेन’ म्हणजे मेंढपाळ, अर्थात आपला पाळक. आज अनेक चर्चमध्ये हे वेगवेगळे हुद्दे आहेत. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल इफिसच्या वडिलांना मिलेत बंदरात बोलावून घेतो, त्यांनाच अध्यक्ष म्हणतो आणि कळप राखण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवतो. तिन्ही शब्द त्याच माणसांना लागू होतात, आणि ती माणसे अनेक आहेत. एका शहराच्या मंडळीवर एकच बिशप ही रचना पुढे, दुसऱ्या शतकाच्या आरंभी, अंत्युखियाच्या इग्नाशियसच्या पत्रांत ठळक होते.

पाळक निवडताना कोणते गुण पाहावेत, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तीमथ्याची दोन आणि तीताचे एक, अशा तीन पत्रांना अठराव्या शतकापासून ‘पाळकीय पत्रे’ म्हणतात. ती स्वतः पौलाने लिहिली की त्याच्या परंपरेतल्या शिष्याने, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण मंडळीने ती पहिल्या काही शतकांपासून प्रमाण मानली. त्यातली गुणांची यादी शांतपणे वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात कौशल्य म्हणावे असे एकच आहे, शिकवता येणे. बाकी सगळा स्वभाव आणि वागणूक: संयम, सौम्यपणा, भांडखोर नसणे, पैशाचा लोभ नसणे, घर नीट चालवणे, बाहेरच्या लोकांत चांगले नाव असणे. आवाज, गर्दी खेचण्याची ताकद किंवा चमत्कारांचा त्यात उल्लेखही नाही.

याच यादीत आतिथ्यही आहे. त्याचा भार कोणावर पडतो, हे मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून ठाऊक आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले त्यांचे पती नारायण वामन टिळक दार कोणालाच बंद ठेवत नसत. येणाऱ्याच्या ताटात काय वाढायचे, ही चिंता लक्ष्मीबाईंची असे. पाळकाचे गुण मोजताना त्याच्या घरातल्या बाईचे कष्ट कोणी मोजत नाही, ही उणीव आजही तशीच आहे.

तिसऱ्या अध्यायावर प्रवचने पुष्कळ होतात. पाचव्या अध्यायातल्या सूचना मात्र फारशा कानावर पडत नाहीत, आणि पाळकाच्या उत्तरदायित्वाची सगळी यंत्रणा तिथेच आहे. त्यातले पहिले सूत्र पाळकाच्या बाजूचे आहे. चांगला कारभार करणाऱ्या, विशेषतः शिकवण्यात कष्ट घेणाऱ्या वडिलांना दुप्पट मान द्यावा. पुढे लगेच मळणीच्या बैलाचा दाखला येतो, म्हणजे या मानात मोबदलाही आला. खळ्यावर राबणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, हा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. पाळकाचे वेतन महिनोन्‌महिने थकवून त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा ठेवणारी मंडळी हा नियम मोडते.

दुसरे सूत्रही आधी त्याचे रक्षण करते: दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलांवरचा आरोप दाखल करून घेऊ नये. चार माणसांत उठबस असलेल्याविषयी कंड्या लवकर पिकतात, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे. पण तो तिथे थांबत नाही. पाप करीत राहणाऱ्याला सर्वांसमोर दोष द्यावा, आणि हे करताना कोणाची बाजू धरू नये, असे तो बजावतो. पाळकाला खाजगीत समजावून प्रकरण मिटवण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिला या ओळींत आधार सापडत नाही. शेवटी, कोणावर घाईने हात ठेवू नयेत, असेही तो सांगतो. हात ठेवणे म्हणजे दीक्षा देऊन सेवेसाठी नेमणे. पुढचा बराचसा त्रास या एका धीराने वाचतो.

पैशाबाबत पौलाचे स्वतःचे वागणे याहून स्पष्ट आहे. यरुशलेमेतल्या गरीब ख्रिस्ती बांधवांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया प्रांतांतल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो, की ही रक्कम तो एकटा नेणार नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू आहे, शिवाय आणखी एक विश्वासू माणूस आहे. कारणही तो देतो: या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, आणि व्यवहार देवासमोर तसाच माणसांसमोरही चोख दिसावा. ‘देवाला माझे मन ठाऊक आहे’ एवढे उत्तर पौलाला स्वतःसाठीसुद्धा पुरेसे वाटले नाही.

एकट्याने काम ओढण्याचा धोका जुन्या करारातही आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे एकटाच सोडवत बसे. त्याचा सासरा इथ्रो ते पाहून म्हणाला की तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमले गेले, आणि त्या नायकांची एक अट होती लाचेचा तिटकारा. म्हणजे कामाची वाटणी पाळकाला सांभाळते आणि लोकांनाही.

महाराष्ट्रात आज दोन तऱ्हा दिसतात. १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात बिशप, डायोसीस आणि स्थानिक समित्या अशी उतरंड आहे. दुसरीकडे एका माणसाच्या हाकेने उभ्या राहिलेल्या स्वतंत्र मंडळ्या आहेत, आणि तिथे संस्थापक, पाळक व कोषाध्यक्ष पुष्कळदा एकच असतो. उतरंड असली म्हणजे कारभार आपोआप स्वच्छ होतो असे नाही. समित्याही गप्प बसतात. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाने हिशेब तपासून घेतलेच पाहिजेत, असे राज्याचा १९५० चा न्यास कायदा सांगतो. पण धर्मादाय आयुक्तांकडे कागद गेला म्हणजे मंडळीला हिशेब कळला, असे होत नाही.

हे सारे पाहता आमचे मत असे, की ज्या पाळकाला विचारणारे कोणीच नाही, तो कितीही भला असला तरी त्याची नेमणूक बायबलच्या कसोटीवर अपुरी आहे. आणि ज्या पाळकाला वेळेवर वेतन व खोट्या आरोपांपासून संरक्षण मिळत नाही, त्याची मंडळी त्याच कसोटीवर अपुरी ठरते. या दोन्ही गोष्टी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या त्याच पाचव्या अध्यायात लिहिलेल्या आहेत. त्यातली सोयीची तेवढी उचलता येणार नाही.

मंडळीच्या सभासदांना एवढीच विनंती, की येत्या वार्षिक सभेत दोन गोष्टी मागा: वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब सर्वांसमोर वाचला जावा, आणि पाळकाचे थकलेले वेतन किती आहे, तेही त्याच सभेत सांगितले जावे.