मदतीचा प्रयोग आणि गाळलेला प्रवेश

लिंबायतमधील मराठी शाळांच्या मुलांना वह्यापुस्तके मिळावीत म्हणून लोकमान्य टिळकांच्या जीवनावरील नाटकाचा सहायतार्थ प्रयोग करावा, या सूचनेचे आम्ही स्वागतच केले होते. परंतु संहितेतून सुरत काँग्रेसचा प्रवेश गाळावा, असा जो आग्रह बैठकीत धरण्यात आला, त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. कारण काय, तर भांडणाचा देखावा नको. पहिल्या रांगेत देणगीदार बसलेले असतात! म्हणजे गणेशोत्सव हवा, खटला हवा, मंडाले हवे. आणि आपल्या तीन पिढ्या ज्या गावात गेल्या, त्या गावात टिळकांनी जे केले तेवढे मात्र नको.

घडले काय होते? नागपूरला भरावयाचे अधिवेशन सुरतेस हलविण्यात आले. 27 डिसेंबर 1907 रोजी टिळक तहकुबीची सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले. अध्यक्ष रासबिहारी घोष यांनी परवानगी नाकारली, तेव्हा ते हाताची घडी घालून तेथेच उभे राहिले. मग खुर्च्या उडाल्या, आणि एक मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. त्या जोड्याची आज आपल्याला लाज वाटत असेल तर वाटो. पण त्याच गर्दीतील दुसरेही दृश्य इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनी लिहून ठेवले आहे : टिळकांना इजा होऊ नये म्हणून गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्याजवळ उभे होते. गोखले, नेमस्तांचे अग्रणी! मुलांपासून लपवायचे ते हे?

राहिला देणगीचा प्रश्न. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी; दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धनी एका रंगमंचावर. ती चढाओढ कोणी झाकली नाही. तिच्यासाठीच तर लोक तिकिटांवर तुटून पडले. त्या नाटकात टिळक नावालाही नाहीत. मात्र लेखक खाडिलकर हे 'केसरी'तील त्यांचे सहकारी, आणि त्यांच्याच 'कीचकवधा'वर सरकारने 1910 मध्ये बंदी घातली होती. टिळकांविना झालेला तो प्रयोग टिळकांच्या कार्याला साजेसा होता. आपण टिळकांना पगडी घालून उभे करणार आणि त्यांच्या तोंडचा विरोध तेवढा काढून घेणार.

देणगीदार रुसले तर पहिली रांग रिकामी राहील. राहू द्या. खानदेशातून ताप्ती लाईनच्या गाडीने, उशाला वळकटी घेऊन आलेल्या आपल्या वाडवडिलांनी मागावर उभे राहून संसार केले, ते काही कोणाची मर्जी सांभाळून नव्हे. घरटी थोडी वर्गणी काढली तरी मुलांच्या वह्या येतील. जमाखर्च प्रयोगानंतर छापून घरोघर द्यावा, एवढीच त्यासाठी अट. तीही, खरे तर, देणगीदारांनी कधी घातली नाही.

पुढील बैठकीत तो प्रवेश परत घेण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. अध्यक्षमहाशयांनी परवानगी नाकारल्यास आम्हीही हाताची घडी घालून उभे राहू. जोडे मात्र दाराबाहेर काढून येऊ.